भंडारदऱ्याची जलाशय-फेरी : कधी जावं, कोणत्या बाजूनं निघावं आणि कुठून माघारी फिरावं

अकोले : भंडारदरा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता साधारण ४५ ते ५० किलोमीटरचा. मोटारसायकलवर दीड-दोन तासांत होईल, असं कुणालाही वाटतं. म्हणून अनेक जण दुपारचं जेवण उरकून शेंडीतून निघतात. रतनवाडीला पोहोचेपर्यंत तीन-साडेतीन वाजतात, साम्रदला धुकं उतरतं आणि घाटघरच्या वळणांवर अंधार पडतो. मोबाइलला रेंज नाही, टाकीत पेट्रोल थोडंच, मागं लेकरं पेंगुळलेली. फिरायला आलेल्या माणसांची तारांबळ उडते ती अशी.

ही फेरी किलोमीटरनं मोजायची नसते, उजेडानं मोजायची असते. सकाळी लवकर निघून, ठरलेल्या बाजूनं जाऊन आणि माघारी फिरायची जागा आधीच ठरवून ठेवली, तर सह्याद्रीतल्या देखण्या रस्त्यांपैकी एक रस्ता घरच्यांना घेऊन एका दिवसात आरामात पाहून होतो. त्यासाठीची सगळी माहिती इथे एकत्र दिली आहे.

जलाशय कोणता, पाणी कुणाचं

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला रतनगडाच्या परिसरात प्रवरा नदी उगम पावते. तिच्यावर शेंडी गावाजवळ इंग्रजांच्या काळात दगडी धरण बांधलं गेलं. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून धरणाला विल्सन डॅम, तर आर्थर हिल या इंजिनिअरवरून जलाशयाला आर्थर लेक हे नाव पडलं. लोक मात्र भंडारदराच म्हणतात. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर आहे आणि साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसीच्या आसपास. २०२६ मध्ये या धरणाला शंभर वर्षं पूर्ण होतात.

धरणातून सुटलेलं पाणी रंधा धबधब्यावरून निळवंडे धरणात येतं आणि पुढे ओझर बंधाऱ्यातून प्रवरा कालव्यांनी खालच्या तालुक्यांत जातं. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या भागांतली बागायती शेती याच पाण्यावर उभी राहिली. त्यामुळे या तालुक्यांतून येणाऱ्यांसाठी भंडारदरा नुसतं फिरायचं ठिकाण नाही. आपल्या चारीला येणारं पाणी कुठे पडतं, कुठे साठतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

कधी जावं

जलाशय तोच असला तरी प्रत्येक हंगामात रस्ता वेगळा वागतो. आपल्याला काय पाहायचं आहे त्यावर महिना ठरवावा.

मे अखेर ते जूनचा मध्य – काजव्यांचे दिवस. पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर रात्री काजवे लुकलुकतात. मोठा पाऊस सुरू झाला की ते कमी होतात. या काळात शनिवार-रविवारी गाड्यांची प्रचंड गर्दी होते. शक्य असेल तर मधल्या वारी जावं.

जुलै-ऑगस्ट – मुसळधार पाऊस. रतनवाडी आणि घाटघर हा जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा पट्टा. डोंगरावरून जागोजागी धबधबे कोसळतात. धरण बहुतेक वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे भरतं. दृश्य मोठं, पण जोखीमही सर्वांत मोठी. पूर्ण फेरीचा हट्ट या दोन महिन्यांत धरू नये.

सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर – पाऊस ओसरलेला, जलाशय काठोकाठ, डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुलं आणि तेरडा. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आणि लेकराबाळांसह जाणाऱ्यांसाठी हाच काळ सर्वांत चांगला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी – हवा स्वच्छ, कडे-कपारी लांबून दिसतात. रात्री कडाक्याची थंडी पडते. मुक्काम करायचा असेल तर पांघरूण भरपूर घ्यावं.

मार्च ते मेचा मध्य – धरणातून आवर्तनं सुटलेली असतात, पाणी खाली गेलेलं असतं. काठ उघडा पडतो, ऊन तापतं. रस्ता मात्र कोरडा आणि सोपा. गाडी शिकून नुकतंच हात बसलेल्यांनी फेरी याच दिवसांत करावी.

शेंडीपर्यंत कसं यावं

फेरीची सुरुवात शेंडीतून होते. धरण, हॉटेलं, होड्या, सगळं याच गावात. इथे यायला दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली, संगमनेर–अकोले–राजूर–शेंडी. संगमनेरहून शेंडी साधारण ६० किलोमीटर पडतं. राजूर सोडल्यावर निळवंड्याचं पाणी आणि पुढे रंधा धबधबा याच वाटेवर लागतो. दुसरी, घोटी–बारी–शेंडी. नाशिक, इगतपुरी, मुंबईकडून येणारे या वाटेनं येतात. घोटीपासून शेंडी सुमारे ३५ किलोमीटर. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव याच रस्त्यावर आहे.

एसटीनं यायचं असेल तर अकोले आणि राजूरच्या स्टँडवर गाड्यांच्या वेळा विचाराव्यात. शेंडीपर्यंत यायला अडचण येत नाही. पुढे जलाशयाभोवतीच्या गावांना मात्र गाड्या मोजक्याच. गाडी चुकली तर दिवस मोडतो. त्यामुळे शेंडीतून जीप ठरवणं सोयीचं. जीपवाल्याशी बोलताना कोणकोणत्या ठिकाणी थांबणार, किती वेळ थांबणार आणि एकूण किती पैसे, हे निघण्याआधी स्पष्ट करून घ्यावं. पूर्ण फेरी की नुसती रतनवाडी, यावर भाडं बदलतं.

पाणी उजव्या हाताला ठेवा

शेंडीतून दोन्ही बाजूंनी फेरी करता येते. पण आधी दक्षिण काठानं मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, मग साम्रद, घाटघर आणि शेवटी उत्तर काठानं उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत शेंडी, हा क्रम धरावा. देवळाला प्रदक्षिणा घालताना देव उजवीकडे असतो, तसं या क्रमात पाणी कायम उजव्या हाताला राहतं.

याचे तीन फायदे आहेत. आपण गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतो, म्हणजे आपली गाडी डोंगराच्या अंगाला राहते आणि उताराची कड पलीकडे. नवख्या चालकाला याचा मोठा आधार वाटतो. दुसरा फायदा उन्हाचा. सकाळी तोंड पश्चिमेला असतं आणि परतताना पूर्वेला, त्यामुळे दोन्ही वेळेला सूर्य पाठीशी राहतो, डोळ्यांवर ऊन येत नाही. तिसरा फायदा वेळेचा. रतनवाडी ते साम्रद हा जंगलातला सुनसान टप्पा भर उजेडात पार पडतो आणि दिवस मावळताना आपण शेंडीच्या जवळच्या गावांत असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पावसाळ्यात डोंगराच्या बाजूनं दगड-माती खाली येते. दरड पडल्याच्या ताज्या खुणा असतील तिथे गाडी उभी करू नये, फोटोसाठी तर नाहीच.

वाटेत काय काय

शेंडी आणि धरण : धरणाच्या भिंतीजवळ बाग आहे. धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की ते खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, तोच अंब्रेला फॉल. तो नैसर्गिक धबधबा नाही, पाणी सुटलं तरच दिसतो. त्यामुळे केवळ त्यासाठी लांबून येण्याआधी चौकशी करावी. सकाळी इथे जास्त वेळ घालवू नये. परतताना पाहता येतं.

मुतखेल ते कोलटेंभे : शेंडी ते रतनवाडी हे अंतर साधारण १८ ते २० किलोमीटर. पावसाळ्यात या पट्ट्यात रस्त्यालगतच धबधबे लागतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं. ती पावती दिवसभर जपून ठेवावी.

रतनवाडी : रतनगडाच्या पायथ्याचं गाव. इथलं अमृतेश्वराचं दगडी मंदिर म्हणजे या फेरीतलं सर्वांत मोलाचं ठिकाण. खांब, छत, शिखर, सगळीकडे बारीक कोरीवकाम. गावातच जुनी पुष्करणी आहे. कोनाड्यांतल्या मूर्ती सावकाश पाहाव्यात. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे मूर्तींना रंग लावणं, कोरीवकामावर पाय देऊन फोटो काढणं हा गुन्हा ठरू शकतो. रतनगड चढायचा असेल तर त्याला स्वतंत्र दिवस लागतो. गडाच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, खालूनही स्वच्छ हवेत ओळखू येतं.

साम्रद : रतनवाडीहून जंगलातून रस्ता साम्रदला येतो. सांदण दरी इथूनच जवळ. डोंगराला पडलेली ही उभी चीर काही ठिकाणी इतकी अरुंद आहे, की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. खोली दोनशे फुटांच्या आसपास आणि ऊन जेमतेम तळाला पोहोचतं. पावसाळ्यात दरीत उतरू नये. वर पाऊस झाला की दरीतून लोंढा येतो आणि वर चढायला जागा उरत नाही. कोरड्या दिवसांतही गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि सुरुवातीच्या टप्प्यापर्यंतच जाऊन परत यावं. पुढची वाट दोर लावून उतरायची आहे.

घाटघर : इथे सह्याद्रीचा माथा संपतो आणि समोर कोकण उघडं पडतं. कोकणकड्यावरून खाली ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका दिसतो. २५० मेगावॉटचा घाटघर जलविद्युत प्रकल्पही इथेच. वरच्या तलावातलं पाणी खालच्या तलावात सोडून वीज तयार करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. प्रकल्पाच्या हद्दीत पहारेकरी सांगतील तिथंच थांबावं. कड्यावर वारा जोरात असतो. लहान मुलांचा हात सोडू नये. नकाशात कोकण अगदी खाली दिसतं, पण तिकडे गाडीनं उतरायचा बेत करू नये.

उडदावणे, पांजरे, मुरशेत : घाटघर ते शेंडी हा परतीचा टप्पा २०-२२ किलोमीटरचा. संध्याकाळी इथून पाण्यावरचं ऊन आणि मागे रतनगडाची रांग दिसते. बऱ्याच जणांच्या मते फेरीतलं सर्वांत सुंदर दृश्य हेच. चहा-नाश्त्याच्या टपऱ्या आणि तंबूच्या मुक्कामाच्या जागाही या भागात मिळतात.

रंधा धबधबा आणि कळसूबाई : दोन्ही ठिकाणं फेरीच्या बाहेर आहेत. सुमारे १७० फुटांचा रंधा धबधबा राजूर-शेंडी रस्त्यालगत असल्यानं येता-जाता अर्ध्या तासात पाहून होतो. शेजारी घोरपडादेवीचं मंदिर आहे. कळसूबाई मात्र त्याच दिवशी धरू नये. १६४६ मीटर उंचीचं ते राज्यातलं सर्वांत उंच शिखर. चढ-उतार मिळून अख्खा दिवस जातो.

दिवसाचं गणित

संगमनेर भागातून निघणाऱ्यांसाठी ऑक्टोबरातला एक दिवस असा लावता येतो :

पहाटे ६ – संगमनेर सोडणं.
सकाळी ८ – शेंडी, चहा-नाश्ता.
८.३० – रतनवाडीकडे.
१० ते ११.३० – अमृतेश्वर मंदिर, गावात जेवण सांगून ठेवणं किंवा बरोबरचा डबा.
१२.३० – साम्रद. दरीच्या तोंडापर्यंत जाऊन परत.
दुपारी २.३० – घाटघर, कोकणकडा.
४ – घाटघर सोडणं.
५.३० – शेंडी.
रात्री ८ च्या आत – घरी.

आता माघारीचा नियम. पूर्ण फेरीत निर्णय घ्यायची खरी जागा एकच, ती म्हणजे रतनवाडी. इथून आलेल्या रस्त्यानं शेंडीला परत जाता येतं आणि तो रस्ता आपण नुकताच पाहिलेला असतो. साम्रदच्या रस्त्याला लागलं, की पुढे जाणं आणि मागे येणं दोन्ही सारखंच लांब पडतं. म्हणून रतनवाडी सोडायला दुपारचा एक वाजून गेला असेल, धुकं रस्त्यावर उतरलं असेल, ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत असेल किंवा गाडीत काही खटखट जाणवत असेल, तर तिथूनच फिरावं. पुढचा रस्ता कसा आहे, हे गावातल्या माणसाला विचारावं. 'आज जाऊ नका' असं गावकऱ्यानं सांगितलं तर तो शब्द शेवटचा मानावा. पुढचं पाहायला पुन्हा येता येतं.

जुलै-ऑगस्टमध्ये तर बेतच अर्धा आखावा. शेंडी ते रतनवाडी आणि परत, किंवा शेंडी ते घाटघर आणि परत. दोन्हींतलं एक.

गाडीची तयारी

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. संगमनेर ते शेंडी ६०, फेरी ५०, परत ६०, असे १७० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर देणारी मोटारसायकल घाटात आणि डबलसीट ४० च देते, असं धरावं. म्हणजे सव्वाचार लिटर लागेल, वर एक लिटर शिल्लक. टाकी अकोले, राजूर किंवा घोटीत पूर्ण भरून घ्यावी. फेरीच्या रस्त्यावर पंप मिळेल, या भरवशावर राहू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेक, टायर, हेडलाइट, हॉर्न आणि वायपर तपासावेत. चारचाकीत स्टेपनीत हवा आहे का, जॅक-पाना आहे का, हे पाहावं. दुचाकीला पंक्चर किट असलेलं बरं. उतारावर गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायचा मोह जिवावर बेततो. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. बिनगिअरच्या स्कूटरचे ब्रेक लांब उतारावर तापतात, मध्ये दहा मिनिटं थांबावं.

रस्ता बऱ्याच ठिकाणी एकेरी गाडीच्या रुंदीचा आहे. समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न, पण देवळाजवळ आणि वस्तीत नाही. धुक्यात डिपर खालीच ठेवावा. अपर लाइट लावला तर समोरचं आणखी कमी दिसतं. पाणी वाहत असलेल्या मोरीवर गाडी घालू नये. वरून पाणी घोट्याएवढं दिसलं तरी खालचा रस्ता वाहून गेलेला असू शकतो.

मोबाइल कसा उपयोगी पडतो

फेरीच्या बऱ्याच भागात रेंज जाते-येते. म्हणून मोबाइलचा उपयोग करायचा तो निघण्याआधी.

– नकाशा घरीच ऑफलाइन डाउनलोड करावा. नकाशानं सुचवलेल्या जवळच्या वाटेवर डोळे झाकून जाऊ नये. बैलगाडीची वाटही तो रस्ता म्हणून दाखवतो. गावाची नावं लिहून घेऊन विचारत जाणं जास्त खात्रीचं.
– हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी पाहावा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकलावा. विजांसाठी 'दामिनी' हे सरकारी अ‍ॅप उपयोगी आहे.
– पावसाळ्यात प्रशासन काही ठिकाणं पर्यटनासाठी बंद ठेवतं. धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठाला इशारा दिला जातो. अशी बातमी पाहूनच निघावं.
– शेंडी सोडताना घरी फोन करून कोणत्या बाजूनं निघालो आणि किती वाजेपर्यंत परत शेंडीत येऊ, हे सांगावं.
– रोख पैसे जवळ ठेवावेत. रेंज नसेल तिथे स्कॅन करून पैसे जात नाहीत.
– अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन लागत नसेल तर जवळच्या वाडीवर जावं, रेंज कुठल्या टेकाडावर मिळते ते गावकऱ्यांना माहीत असतं. ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे.

पाण्यात उतरण्याआधी

जलाशयाचा काठ शांत दिसतो, पण तो तलावाच्या पायऱ्यांसारखा नाही. बुडालेल्या डोंगराचाच तो उतार आहे. दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्या पावलाला तळ नाही, असं होतं. काठचा गाळ पाय धरून ठेवतो. विहिरीत पोहणाऱ्यालाही थंड पाणी आणि वारा दमवतो. पोहणं टाळावंच. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवत असतील तर उतरून जावं.

धबधब्याखाली दगड पाण्याबरोबर येतात. शेवाळावर चप्पल घसरते. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात बसून जेवायचं नाही, कारण वर ऊन असलं तरी विसर्ग वाढला की पाणी चढतं. दारू पिऊन पाण्याजवळ किंवा स्टेअरिंगवर बसणाऱ्याला सोबतच्यांनीच अडवायचं असतं.

जेवण आणि मुक्काम

शेंडीत हॉटेलं आहेत, पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे. रतनवाडी, साम्रद, मुरशेत, पांजरे या गावांत घरगुती जेवण मिळतं, पण ते आधी सांगावं लागतं. जाताना सांगून पुढे गेलं, तर फिरून येईपर्यंत चुलीवरची नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात तयार असतो. काळभात, जिरवेल हे इथले वासाचे जुने तांदूळ. मिळाले तर घरी न्यायला विकत घ्यावेत. थेट शेतकऱ्याला पैसे मिळतात आणि घरी गेल्यावर आठवणही राहते.

तंबूत मुक्काम करायचा असेल तर गावातल्याच माणसाच्या जागेत, त्याला सांगून करावा. पाण्याच्या अगदी कडेला तंबू ठोकू नये. पावसाळ्यात रात्रीतून पाणी वर येतं. सुक्या दिवसांत गवताजवळ शेकोटी पेटवू नये, एक ठिणगी डोंगर पेटवते. बिबट्याचा वावर असल्यानं रात्री एकट्यानं लांब जाऊ नये आणि उष्टं अन्न तंबूबाहेर टाकू नये.

काजव्यांसाठी आलेल्यांनी गाडी ठरलेल्या जागी लावून दिवे बंद करावेत. काजव्याचा उजेड ही त्याची जोडीदाराला दिलेली खूण असते. हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश यात ती खूण हरवते. काजवे बाटलीत भरून नेऊ नयेत. वन विभागानं ठरवलेली परतीची वेळ पाळावी.

काठावरच्या गावांचं भान

जलाशयाभोवतीच्या वाड्यांवर प्रामुख्यानं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नागली, वरई ही पिकं, हिरडा गोळा करणं आणि आता पर्यटन, यावर घरं चालतात. पाऊस सर्वांत जास्त इथेच पडतो. पण डोंगरावरून तो वाहून जातो आणि साठलेलं पाणी खालच्या भागासाठी असतं. त्यामुळे उन्हाळ्यात धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी गत होते. हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्यांना पायपीट करावी लागते. अशा गावात विहिरीवर गाडी धुणं, झऱ्यात साबण लावून आंघोळ करणं शोभत नाही. उन्हाळ्यात जाताना प्यायचं पाणी घरूनच पुरेसं न्यावं.

भाताच्या खाचरात फोटोसाठी उतरू नये, आवणी केलेलं रोप तुडवलं की त्या घराचं वर्षाचं धान्य कमी होतं. प्लास्टिकच्या बाटल्या, पत्रावळ्या, चिवड्याच्या पिशव्या गाडीतच पोत्यात भरून परत न्याव्यात. इथे टाकलेला कचरा पहिल्या पावसात ओढ्यानं जलाशयात जातो, आणि तेच पाणी पुढे खालच्या गावांच्या पाइपलाइनला आणि चारीला येतं. परक्याच्या दारात टाकल्यासारखं वाटतं, पण तो आपल्याच पाण्यात पडतो.

निघण्याआधी पाहून घ्या

– आजचा हवामान इशारा आणि रस्ता बंद आहे का याची खबर
– टाकी फुल, स्टेपनी किंवा पंक्चर किट
– मोबाइल पूर्ण चार्ज, पॉवर बँक, ऑफलाइन नकाशा
– रोख रक्कम, गाडीची कागदपत्रं, वन विभागाची पावती
– पिण्याचं पाणी, कोरडा खाऊ, लेकरांसाठी एक कपड्यांचा जादा जोड
– रोजची औषधं, उलटीची गोळी, पट्टी आणि मलम
– टॉर्च, दोर, रेनकोट, कचऱ्यासाठी पोतं
– घरी सांगितलेली परतीची वेळ

आणि सर्वांत महत्त्वाचं, रतनवाडी दुपारी एकच्या आत सुटली पाहिजे. नाही सुटली, तर अमृतेश्वराला हात जोडून आल्या वाटेनं मागं फिरावं. उजेडात शेंडीला पोहोचलेल्या माणसाला पुढच्या वेळी साम्रद-घाटघर पाहायला येता येतं.